सहा वाजता उठायचं असतं

वर्गातली पोरं टाळ्या वाजवत लांबलचक शब्दांचे तुकडे पाडत होती, आणि खिडकीबाहेर शिडीवर उभा असलेला रंगारीही टाळ्या वाजवायला लागला. हातातला ब्रश सुटला. हिरवा रंग काचेवरून ओघळला.

हिल्येबाईंनी खिडकी उघडली. "पहिलीत नाव घालायचंय का?"

"घा... घाला," तो म्हणाला. "मागचा बाक... चालेल."

एप्पो त्याचं नाव. मूळचा खलाशी, दोन सफरींच्या मध्ये भावाला रंगकामात मदत करायचा. बंदराच्या वायरलेसवर बोलायची तोंडी परीक्षा द्यायची होती, आणि लांब शब्द आला की जीभ अडायची. आमची डच भाषा तरी कसली, चार शब्द एकमेकांना शिवते आणि म्हणते, घ्या, हा एक शब्द.

मग दर बुधवारी, शाळा दुपारी सुटली की, हिल्येच्या स्वयंपाकघरात शिकवणी. बाहेर आमच्या डेल्फझाइल बंदराचा आडवा पाऊस, आत कॉफीचा वास.

"स्खेप–फार्ट–फर–केर्स–लाइ–डिंग." त्याच्या मनगटावर बोटानं ठोके देत ती म्हणायची. जहाजांची वाहतूक सांभाळणारं खातं, एवढाच त्याचा अर्थ. "पहिल्यावर जोर मार. 'केर्स'वर हलकी थाप. बाकीचे मुकाट मागून येतात."

"तू बोट काढलंस की... विसरतो."

"मग काय, परीक्षेला मला खिशात घालून नेणार?"

"खिसा... मोठा शिवून घेतो."

तिनं बोट काढलं नाही.

एप्पो पास झाला. त्या बुधवारी सांगायला आला, पण आधी कॉफीचा कप टेबलावर गोल गोल फिरवत बसला.

"दोन कामं आलीत," शेवटी म्हणाला. "एक इथं बंदरात. एक मालाच्या जहाजावर... लांब. आज रात्री कळवायचंय."

हिल्येला तो इथंच हवा होता. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याला तर नाहीच.

"हिल्ये, तू म्हणशील तर मी... इथं रा... रा—"

तिनं थांबायचं होतं. बस्स, थांबायचं. पण शेगडीपाशी हिल्येच्या आईनं बटाट्यांचं पाणी ओतलं, टेबलावर दोन ताटल्या ठेवल्या. सहा वाजले. आमच्याकडे सहाला जेवायची वेळ, पाहुणा उठतो. आमंत्रण नसेल तर येशूलाही दार दाखवतील. लहानपणापासून आम्हाला घड्याळाची लाज शिकवतात, माणसाची नाही. हिल्ये सवयीनं उठली आणि त्याचा कोट घेऊन आली.

त्यानं कोटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तोही इथलाच. कोट चढवला.

"उद्या बोलू ना?" तिनं विचारलं.

"सावकाश जेवा," तो म्हणाला. कुठंही न अडखळता.

दार लागलं. आई बटाटे वाढत म्हणाली, "चांगल्या वळणाचा मुलगा आहे. वेळेवर उठतो."

शुक्रवारी जहाज त्याला घेऊन गेलं. हिल्ये धक्क्यावर गेली नाही. कुणी बोलावलं नव्हतं.