भाच्याचे फोन

लिफ्टचं दार मिटता मिटता आतून कुणीतरी हात आडवा घातला, आणि ती धापा टाकत आत शिरली. बंदरावरच्या वाऱ्याने तिच्या केसांचं पार घरटं करून टाकलं होतं.

"कितवा मजला?"

"ते... जहाजांच्या दलालांचं ऑफिस. बाई चालवतात ते."

"मुलाखत वाटतं?" तो हसला. "काका, मामा कोणी आहे का या धंद्यात?"

"नाही. का?"

"सहसा असतं कोणीतरी."

"तुमचं कोण आहे?"

त्याचे कान लाल झाले. "...मामा."

सगळा बाजार त्याला भाचा म्हणूनच ओळखतो, हे तिला नंतर कळलं. पण उतरताना तो "बाईंना खोटं आवडत नाही, तेवढं सांभाळा" असं हळूच सांगून गेला, ते तिला आवडलं. याआधीच्या ऑफिसांनीही काका-मामा विचारले होते. फक्त हसून नव्हे.

बाई स्वतः कधीकाळी टायपिस्ट म्हणून या धंद्यात शिरलेल्या. त्यांनी तिला सहा महिन्यांच्या बोलीवर ठेवून घेतलं. जमलं तर पक्की, नाहीतर रामराम. एकाकडे माल असतो, दुसऱ्याचं जहाज रिकामं असतं, त्यांची गाठ घालून द्यायची, असं तिने घरी समजावलं. आईला समजलं. आत्या मात्र आमची मुलगी बोटी विकते असं सांगत सुटली, आणि एखादी लहानशी स्वस्तात मिळेल का, तेही विचारून बसली.

रोज सकाळी फोन लावायचे. कुणाचं जहाज कुठे रिकामं होतंय, विचारायचं. बाकीचे दलाल दोन शब्दांत कटवत. भाचा मात्र मामांच्या जहाजांबद्दल नीट सांगे, आणि वर रेंगाळे... तुम्हीवरून तूवर दोघं कधी आले, कळलंही नाही.

"समुद्र खवळलाय तिकडे," तो म्हणे. "तुमच्या ऑफिसात काय हवा?"

"इथे बाई आहेत. वारासुद्धा विचारून आत येतो."

मुदत संपत आली, आणि गव्हाचा माल आला. बाईंनी तो पूर्ण तिच्यावर सोपवला. तिने तो एका जुन्या, चष्मेवाल्या दलालाला देऊ केला. दुपारपर्यंत उत्तर द्या, तोवर माल तुमचाच, असा शब्द दिला. थोड्या वेळाने भाच्याचा फोन आला. तुझ्याकडे गहू आलाय म्हणे... तो इतक्या आशेने बोलत होता, की तिने त्यालाही तसाच शब्द देऊन टाकला. जो आधी हो म्हणेल त्याचा, असा तिचा भोळा हिशेब.

जेवताना तिने हे सहज सांगितलं. बाईंनी चमचा खाली ठेवला.

त्या ओरडल्या नाहीत, म्हणून तर जास्त भीती वाटली. या धंद्यात तोंडी होकार आला की सौदा झाला, कागद मागाहून. दोघेही हो म्हणाले, तर गहू एकाच जहाजात जाणार, दुसरं फुकट येणार, आणि बाईंचा शब्द बाजारात कुणी धरणार नाही.

"भाच्याचा होकार यायच्या आत माल मागे घे," त्या म्हणाल्या. "नाहीतर मला तुला ठेवता येणार नाही."

तिने हात पुढे केला, आणि फोनच वाजला.

"ऐक," भाचा खुशीत होता. "मामा तयार..." आणि तो थांबला. "काय झालं? तुझा श्वास असा का?"

मध्येच तोडून माल मागे घेतला असता, तर काम एका वाक्यात झालं असतं. पण तिच्याच्याने होईना. "हा माल मी आधीच दुसऱ्याला देऊन बसलेय," ती म्हणाली. "माझी चूक आहे."

पलीकडे मागून मामांचा आवाज येत होता, अरे हो म्हण की.

"मी अजून होकार दिलेला नाही," तो हळू म्हणाला. "घे मागे."

"घेतला."

"ठीक." फोन ठेवला गेला.

गहू चष्मेवाल्या दलालाने घेतला. दुसऱ्या दिवसापासून मामाच फोन उचलायला लागले. दोन शब्द, बस. बाईंनी कुठूनसं काढलं, की भाच्याला फोनवरून उठवून मागच्या खोलीत बिलं लावायला बसवलंय, आणि जहाज अजून रिकामंच उभं आहे. ती बाथरूममध्ये जाऊन थोडी रडली. मग तोंड धुऊन खुर्चीत बसली. नुसतं सॉरी म्हणून जहाज थोडंच भरणार होतं? ओळखीचे, बिनओळखीचे, सगळे व्यापारी तिने पालथे घातले. एका सिमेंटवाल्याने तीनदा फोन आपटला, चौथ्यांदा ऐकून घेतलं. त्याचा माल नेमका त्याच दिशेला जायचा होता.

मग तिने मामांना फोन केला. चूक कुणाची होती, ते आधी सांगितलं. आता सिमेंट आहे, दुसऱ्या कुणाला विचारलेलं नाही, पण बोलणी भाच्याशीच करेन, असंही सांगितलं.

"मुली, तू मला अटी घालतेस?"

"हो," ती म्हणाली.

मामांनी घसा खाकरला. "अरे, ये रे इकडे," त्यांनी आत हाक मारली.

संध्याकाळपर्यंत सौदा झाला. बाईंनी तिची नोकरी पक्की केली, आणि तिच्याकडे रोखून बघत आपला एक नियमही सांगितला. ती लाजली. मग म्हणाली, चालेल मला.

खाली फाटकापाशी भाचा उभा होता. किती दिवसांनी त्याला समोर बघत होती ती... बारीक झाला होता जरा.

"उद्या सकाळी कधी फोन करू? म्हणजे... सिमेंटचं विचारायला."

"नको करूस. उद्यापासून तुमची जहाजं आमच्याकडे दुसरं कोणी बघेल."

त्याचा चेहरा उतरला. "बाई अजून रागावल्यात?"

"नाही. मीच हो म्हटलं." ती चपलेच्या टोकाने जमीन उकरत राहिली. "बाईंचा नियम आहे. घरच्या माणसाशी सौदा करायचा नाही."

"पण मी कुठे घरचा..."

तो तिच्याकडे बघतच राहिला. तिनेही या वेळी नजर चोरली नाही.

समोर बस येऊन उभी राहिली, आणि निघून गेली. त्याने हळूच तिच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली, आणि दोघं चालत निघाले.