कोरडे केस

"वनात गेला धनी गं, तेल नको केसाला,
वारा नेईल वास, वारा सांगेल मामाला..."

आई रात्री चुलीपाशी गुणगुणायची. मी लहान होते, बाबा जंगलात मधाला गेलेले. मामा म्हणजे वाघ; खाडीकाठच्या आमच्या गावात त्याचं नाव घेत नाहीत. बाबा परत आले नाहीत. आईचा तो आवाज मात्र माझ्या कानात राहिला.

देबांजन मला पहिल्यांदा दिसला तो बांधावरून घसरताना. एका हातात छत्री, दुसऱ्यात कागद, आणि थेट माझ्या पायाशी, चिखलात. उठला, चष्मा पुसला, तो आणखीच माखला, आणि तशाच तोंडानं विचारतो कसा, "या घरातून परवान्याशिवाय कुणी जंगलात जातं का?"

"आधी तोंड धुवा, शहरबाबू!"

कोलकात्याहून आला होता. आमच्या गावातले किती जण चोरून मधाला जातात, आणि का, हे शोधायला. दारोदार फिरला. प्रत्येक दारात एकच उत्तर : "कुणी नाही."

"असं विचारलंत तर मामासुद्धा म्हणेल, मी नुसता भात खातो," मी म्हणाले.

"मग कसं विचारू, पारुल?"

"विचारूच नका. बघा. कुणाच्या चुलीला दुपारी धूर नाही, कुणाच्या केसांना तेल नाही... तिचा माणूस आत, जंगलात आहे." बोलून गेले आणि घाबरले. "पण नावं लिहिलीत, तर होड्या जप्त होतील..."

"नाव एकही नाही. नुसता आकडा."

त्यानं शब्द पाळला. आम्ही दोघं पाणवठ्यावर बसायचो, बायका यायच्या-जायच्या. एकदा हळूच म्हणाला, "तुझे केस मात्र चमकतात. म्हणजे... आत कुणी नाही?"

"हा तुमच्या कामातला प्रश्न आहे?"

"नाही... माझा आहे."

मी घागर उचलली आणि घरी आले. वाटभर घागर हिंदकळत होती, की मीच, कोण जाणे.

किती जातात ते केसांनी सांगितलं. का जातात, ते केस सांगेनात. "ते होडीत शेजारी बसल्याशिवाय कुणी बोलायचं नाही," तो म्हणाला. "तुमच्या गावच्या रतनकाकांकडे मधाचा परवाना आहे. नेतायत मला."

जाऊ नका... ओठांपर्यंत आलं. "छत्री नेऊ नका," मी म्हणाले. "मामा हसेल."

होडी वळणाआड गेली. त्या रात्री वारा जंगलाच्या दिशेनं वाहत होता. तेलाच्या बाटलीकडे गेलेला हात मी मागे घेतला.

"केस का गं असे?" सकाळी आईनं विचारलं.

"तेल संपलंय."

आईनं बाटली हलवून पाहिली. भरलेली होती. जागेवर ठेवून दिली. दुपारी पाहते, तर तिनं चूल पेटवलीच नव्हती.

यायचा दिवस उलटला. होडी नाही. मग दुसरी एक होडी बातमी घेऊन आली : मामानं एकाला नेलं. कुणाला? माहीत नाही. वर्णन? "परक्या गावचा होता म्हणतात." पान हललं तरी दचकायचे, कावळा ओरडला तरी कान झाकायचे. जंगल राखणाऱ्या बोनबीबी देवीच्या ठाण्यापुढे बसले, पण मागू काय? माझा कोण म्हणून मागू?

भरतीबरोबर रतनकाकांची होडी आली. गेला होता तो पलीकडच्या गावचा माणूस. माझ्या तोंडून सुटकेचा श्वास निघाला, आणि त्या श्वासाची मला लाज वाटली. कुणा बाईचे केस आजपासून कायमचे कोरडे राहणार होते.

देबांजन उतरला. मधमाश्या चावून तोंड भोपळ्यासारखं सुजलेलं. मी हसले... आणि रडूही आलं.

तो हसला नाही. माझ्या केसांकडे पाहत राहिला. राठ, विस्कटलेले. मग अगदी पहिल्या दिवसाच्या स्वरात त्यानं विचारलं,

"या घरातून... कुणी जंगलात गेलं होतं का?"

"कुणी ना..." अख्ख्या गावाचं उत्तर जिभेवर होतं. ते मी गिळलं.

"हो," मी म्हणाले. "तुम्ही."