चालू-बंदची वही

ज्ञानदेव ओव्हाळला कॉम्प्युटर विभागात नऊ वर्षं झाली होती, पण कॉम्प्युटर चालवण्याचं काम त्याच्याकडे कधीच नव्हतं. त्याचं काम कॉम्प्युटरवर नजर ठेवण्याचं. पिंपरीतल्या त्या इंजिनांच्या कारखान्यात स्टोअर्समधला माल, उद्याचं उत्पादन आणि गाडीत चढायची खोकी, या तिन्हींचे हिशेब एकच मशीन करायचं. ते मशीन अडकलं की तिन्ही ठिकाणची माणसं हात बांधून उभी राहायची. म्हणून ज्ञानदेवनं दर अर्ध्या तासानं उठायचं, कोणता प्रोग्रॅम चालू आहे ते बघायचं आणि जाड पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचं. साडेसात, स्टोअर्स, चालू. आठ, स्टोअर्स, चालू. मशीन थांबलं तर थांबल्याची वेळ, सुरू झाल्याची वेळ आणि कारण. महिनाअखेरीला मशीन शंभरात किती वेळ हजर होतं, तो आकडा काढायचा. साडेनव्व्याण्णवच्या वर असला तर कुणी ढुंकून बघायचं नाही. खाली गेला की मुंबईला मशीनवाल्या कंपनीकडे पत्रं सुटायची.

काम जड नव्हतं. बाहेर फाउंड्रीवाले घामानं निथळायचे तेव्हा हा गारव्यात, पायात कापडी सपाता घालून बसलेला असायचा. पण काही बिघडत नाही ना, हे बघत बसण्यानंही माणूस शिणतो. साडेतीनला शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसमध्ये तो डोळे मिटून घ्यायचा आणि संत तुकाराम नगरच्या थांब्यावर शेजारच्यानं हलवल्यावरच उतरायचा.

१९७९ च्या जानेवारीत, एका मंगळवारी दहा वीसला मशीन थांबलं.

कार्ड रीडरमध्ये भोकं पाडलेलं एक कार्ड अर्धं आत, अर्धं बाहेर. टेपची चाकं जागच्या जागी. दिवे मात्र लागलेले. ज्ञानदेव उठून जवळ गेला. घरघर बंद झाल्यावर ती खोली केवढी मोठी आहे, हे त्याला पहिल्यांदाच जाणवलं. चार मिनिटांनी ते अर्धं कार्ड सर्रकन आत गेलं आणि सगळं पूर्ववत सुरू झालं. चूक नाही, आकडा इकडचा तिकडे नाही.

मुंबईहून इंजिनिअर आला, दिवसभर झाकणं उघडून बसला आणि झाकणं लावून गेला. ज्ञानदेवनं कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘समजले नाही’.

विभागाचे प्रमुख अर्जुनराव वही बघून म्हणाले, “ओव्हाळ, असं लिहू नका राव. समजलं नाही म्हणजे आपण इथं बसून करतो काय? वीजपुरवठा लिहा.”

“साहेब, वीज गेली नव्हती.”

“लिहा तुम्ही.”

त्यानं लिहिलं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांआड ते होऊ लागलं. कधी पाच मिनिटं, कधी सात. नेहमी दिवसाउजेडी, नेहमी त्याच्याच शिफ्टमध्ये.

घरी दोनच माणसं होती. बायको कस्तुरा आणि आई गिरजाबाई. चाकणजवळचं गाव सोडून आई बासष्ट-त्रेसष्ट साली इकडे आली, ती कारखाने उभे राहत होते तेव्हा. नवरा लवकर गेला होता. बाईनं एकटीनं घमेली वाहून पोराला मॅट्रिक केलं. ज्या कारखान्यात ज्ञानदेव खुर्चीवर बसायचा, त्याचा पाया भरतानाही तिनं माती-चुना वाहिला होता. आता सत्तरीला आली होती. दारात बसून भाजी निवडायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी कस्तुरा चहा ठेवता ठेवता म्हणाली, “अहो, आत्यांचं काहीतरी बघा.” सासूला ती आत्याच म्हणायची. “बोलता बोलता थांबतात.”

“विसरत असंल.”

“विसरत नाहीत. थांबतात. हात वर असला तर वरच राहतो. पाच-सात मिनिटांनी जिथं सोडलं तिथून पुढं बोलायला लागतात. त्यांना ठाऊकच नसतं.”

कधीपासून, असं ज्ञानदेवनं विचारलं. महिना झाला असेल, ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना त्यानं भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली दिली, स्वतःच्या मनगटी घड्याळाशी ते जुळवलं आणि कस्तुराला सांगितलं, “परत झालं तर वेळ लिहून ठेव. थांबल्याची आणि सुरू झाल्याची.”

कस्तुरा सातवी शिकलेली. तिनं कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीनं नीट लिहिलं. महिन्याभरात तिच्याकडे चार नोंदी झाल्या. ज्ञानदेवच्या वहीतही चारच होत्या.

त्यानं त्या ताडून बघितल्या. एका मिनिटाचाही फरक नव्हता.

डॉक्टरांनी आईला तपासलं, वयानं होतं म्हणाले, लाल गोळ्या दिल्या. आईनं त्या दोन दिवस घेतल्या आणि मग कुंडीत टाकल्या.

मार्चमध्ये, मागच्या वेळेला आठ दिवस झाले तेव्हा, ज्ञानदेवनं एक दिवस रजा काढली. नऊ वर्षांत तब्येत धड असताना काढलेली पहिली रजा. वही ज्योतीरामकडे सोपवली. तो दुपारच्या शिफ्टचा, सकाळी बदली आला होता. ज्ञानदेव आईसमोर पाटावर बसून राहिला. आई मेथी निवडत होती.

“आज कामाला न्हाई गेलास?”

“न्हाई. कंटाळा आला.”

“बरं केलंस. मी त्या गवराबाईच्या सुनंला म्हनलं, बाई, तू आपली—”

मेथीची काडी बोटांत तशीच राहिली. ज्ञानदेवनं घड्याळ बघितलं. अकरा पस्तीस. त्यानं आईचं मनगट धरलं. नाडी लागेना. आपल्याला जमत नसेल म्हणून त्यानं बोट सरकवलं, मग दुसरा हात धरला. मग तिच्या नाकाखाली आपलं बोट आडवं धरलं. बोटाला काही लागलं नाही. एक माशी आली आणि तिच्या उघड्या डोळ्याच्या कडेला बसली. पापणी हलली नाही. कस्तुरानं पदरानं माशी उडवली आणि पेन्सिल घेतली. तिला आता सवय झाली होती.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. पाण्याचा टँकर आला, बायका भांडल्या, टँकर गेला.

“—सकाळचंच पानी भरून ठिवत जा,” आई म्हणाली आणि काडी मोडली. अकरा सत्तेचाळीस झाले होते.

“आई, आत्ता कुठं गेली होतीस?”

“कुठं जाते? हितंच हाय.”

“खरं सांग.”

कस्तुरा आत गेल्याचं बघून आई हळूच म्हणाली, “कुनीतरी इचारतं रं.”

“काय?”

“हाय का म्हनून.”

“कोण विचारतं? मुकादम हजेरी घ्यायचा तसं?”

“मुकादम वरडायचा. ह्यो हळू इचारतो. लई हळू.” तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. “मी सांगते हाय म्हनून. मग जातो. पयलं पटदिशी सांगायची. आता दमते. सबूद तोंडापातूर येतो आन् भाईर पडत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी ज्ञानदेवनं वही उघडली. ज्योतीरामच्या गिचमीड अक्षरात लिहिलं होतं: बंद अकरा पस्तीस, चालू अकरा सत्तेचाळीस. कारण, वीजपुरवठा.

मार्चचा आकडा साडेनव्व्याण्णवच्या खाली उतरला. पण पत्रं सुटली नाहीत, कारण एव्हाना नवं मशीन लाकडी पेट्यांतून येऊन पोचलं होतं. जुन्याच्या निम्म्या आकाराचं, राखाडी रंगाचं. एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी दुपारी बारा वाजता पूजा करायची आणि जुनं मशीन कायमचं बंद करायचं, असं ठरलं.

ज्ञानदेव अर्जुनरावांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

“साहेब, जुनं मशीन आणखी थोडे दिवस चालू ठेवता येईल का? नुसतं चालू. काम नवीनवरच करू.”

“कशाला?”

“इतकी वर्षं चाललंय,” तो म्हणाला.

अर्जुनरावांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. “ओव्हाळ, तुम्ही दमलाय. तोंड बघा आरशात. हे एकदा उरकलं की आठ दिवस गावाला जाऊन या. आणि असं करा, जुन्याचं बटण तुमच्याच हातानं बंद करा. तुमच्याइतकं त्याच्यापाशी कोण बसलंय?”

रविवारी संध्याकाळी त्यानं आईला सांगितलं. तिला भानावर यायला कालच सोळा मिनिटं लागली होती, आणि त्यानंतर ती उठून बसली नव्हती. गोधडीत तिचं अंग मुटकुळं करून ठेवल्यासारखं दिसत होतं.

“उद्या बंद करणार आहेत ते मशीन.”

तिला मशीनचं काही कळत असेल असं त्याला वाटलं नव्हतं. पण ती म्हणाली, “करू देत की. मला तरी निजाया मिळंल.”

कसलं निजणं ते त्याला कळलं. तिच्या हातावर घमेल्याचे घट्टे अजून होते, इतक्या वर्षांनीही. तो हात हातात घेऊन तो बोलून गेला, “तू नको सांगूस आता. मी सांगतो. तुझ्या जागी मी सांगत जाईन त्याला.”

आई कोपरावर उठली. अंगात इतकं बळ कुठून आलं कुणास ठाऊक, तिनं त्याच्या तोंडावर फाडकन हात मारला.

“पुन्यांदा म्हनू नगंस.”

मग ती भिंतीकडे तोंड करून पडली. रात्रीची भाकरीही तिनं खाल्ली नाही.

सोमवारी त्यानं कस्तुराला आईजवळून हलायचं नाही म्हणून बजावलं. काही झालं तर कोपऱ्यावरच्या खंडूच्या किराणा दुकानातून कंपनीत फोन करायचा, हेही सांगितलं. घरी थांबावं असं मनात आलं होतं. पण बटण दुसऱ्या कुणी बंद करावं, हे त्याला सहन होईना.

नव्या मशीनला हार घातला होता. ते सकाळपासून चालू होतं आणि त्याच्यावर स्टोअर्सचा प्रोग्रॅम धावत होता. पंधरा-वीस माणसं जमली होती. उदबत्तीचा धूर गार हवेत खालीच रेंगाळत होता. अर्जुनरावांनी नारळ पुढ्यात ठेवला आणि घड्याळ बघून मान हलवली.

ज्ञानदेव जुन्या मशीनपाशी गेला. पत्रा कोमट लागला.

त्यानं बटण खाली ओढलं.

दिवे गेले. चाकं थांबली.

त्याच्या हातात खोबऱ्याचा तुकडा होता.

त्यानं हाताकडे बघितलं. नारळ फुटल्याचा आवाज त्यानं ऐकला नव्हता. माणसं पांगायला लागली होती. दोघं दाराशी खोबरं चघळत उभी होती. उदबत्तीची राख खाली पडली होती.

अर्जुनराव त्याच्या खांद्याला धरून उभे होते. “ओव्हाळ! अहो, किती हाका मारायच्या? ओ नाही की ठो नाही.”

“काय झालं साहेब?”

“तुम्हाला काय झालं ते सांगा आधी. आणि हे बघा,” त्यांनी नव्या मशीनकडे हात केला, “पहिल्याच दिवशी अडकलं. हार घातलेला असताना. आत्ता कुठं सुरू झालंय. लिहून ठेवा, बारा ते बारा चार.”

ज्ञानदेवनं खोबरं टेबलावर ठेवलं आणि फोन उचलला. खंडूनं कस्तुराला बोलावून आणेपर्यंत त्यानं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता.

“आई?”

“बऱ्या आहेत,” कस्तुरा धापा टाकत म्हणाली. तिचा आवाज हलका झाला होता, कित्येक दिवसांनी. “आज थांबल्याच नाहीत. बारा वाजता मी घड्याळाकडंच बघत होते. नुसत्या रडल्या जरा. मग पोहे मागून खाल्ले आणि झोपल्यात. चांगल्या घोरतायत.”

बसमध्ये त्या दिवशी त्यानं डोळे मिटले नाहीत.

घरी पोचला तेव्हा आई उठून बसली होती. तोंड धुतलं होतं, केस विंचरले होते. तोंडावर टवटवी होती. कस्तुरानं चहा दिला. आईनं तिला दळणाचा डबा घेऊन गिरणीत धाडलं आणि ज्ञानदेवला समोर बसायला सांगितलं.

“इचारलं?”

“आठवत न्हाई.”

“सांगितलं असशील. म्हनून तर आलास माघारी.” ती त्याच्याकडे बघत राहिली. रागावली नव्हती. लहानपणी त्याला ताप आला की ती अशीच बघायची. “आता नीट आईक. कोन हाय, कशापायी इचारतंय, त्ये बघाया जाऊ नगंस. त्यातच येळ जातो. इचारलं की सांगून मोकळं व्हायचं. कळलं?”

“व्हय.”

“म्हन मग. हाय का?”

“काय हे आई.”

“म्हन. हाय का?”

“हाय.”

“लई उशीर. हाय का?”

“हाय.”

“आजून चटदिशी.”

बत्तीस वर्षांचा ज्ञानदेव मांडी घालून आईपुढे बसला होता आणि पाढे म्हणावेत तसं म्हणत होता. चहावर साय धरली. बाहेर पोरं विटीदांडू खेळत होती, त्यांचा आरडाओरडा दारातून आत येत होता. आई दर वेळी मान हलवायची आणि पुन्हा विचारायची. आठ वेळा, दहा वेळा. मग तिला खोकला आला. ती पाण्याच्या तांब्याकडे वळली.

“हाय,” ज्ञानदेव म्हणाला.

आईनं तांब्या खाली ठेवला.

तिनं अजून विचारलं नव्हतं.