किरिलचं मनगट

क्लिनिकच्या दारात बर्फावरून माझा पाय सरकला आणि कोणीतरी मला पटकन सावरलं. पण कळवळला मात्र तोच!

“सॉरी! लागलं का?”

“तुला नाही ना लागलं?” उजवं मनगट पोटाशी धरून त्याने विचारलं. डोळ्यांत पाणी... आणि तरी हसत होता.

तो किरिल. रशियातल्या समारा शहरातला टेनिसपटू. टोरांटोच्या एका स्पर्धेत मनगट पुन्हा दुखावलं, तिसरं ऑपरेशन इथे हॅमिल्टनमध्ये झालं, म्हणून तो इथेच राहिला होता. मी बाबांना गुडघ्याच्या फिजिओसाठी घेऊन यायचे. २०१६चा तो हिवाळा संपता संपत नव्हता.

बाबा आत गेले की वेटिंग रूममध्ये आम्ही दोघंच.

“ऊर्मी, तू टेनिस बघतेस?”

“छे! मला स्कोअरच कळत नाही. पंधरा, तीस आणि मग चाळीसच का?”

“ते कोणालाच माहीत नाही.” तो जरा जवळ सरकला. “पण शून्याला आम्ही ‘लव्ह’ म्हणतो.”

“म्हणजे काहीच नाही?”

“म्हणजे... अजून काही नाही.”

मी खिडकीबाहेर बघायला लागले. कान तापले होते.

मार्चमध्ये बाबा काठीशिवाय चालायला लागले. किरिलच्या बोटांतून मात्र अजून कधी कधी चमचाही निसटायचा. डॉक्टर ‘थांब’ म्हणत होते. त्याने ऐकलं नाही. माँट्रियलच्या एका छोट्या स्पर्धेत नाव दिलं. घरी काहीतरी सबब सांगून मीही गेले.

पहिला सेट त्याने जिंकला. दुसऱ्यात एक साधाच बॅकहँड मारताना रॅकेट हातातून गळून पडली. त्याने ती उचललीच नाही.

“पुन्हा ऑपरेशन?” बाहेर कॉरिडॉरमध्ये मी विचारलं.

“चौथं? नाही, ऊर्मी. संपलं.”

“मग इथेच राहा ना...” मी बोलून गेले. “मला तू हवा आहेस. खेळ, नाहीतर नको खेळूस.”

तो मनगटावरची पट्टी सोडायला लागला.

“लहानपणापासून मी दुसरं काही केलंच नाही. आज राहिलो तर तुझ्या आधाराने जगेन. आणि मग एक दिवस तुझ्यावरच चिडेन.”

“म्हणजे — नाही?”

“म्हणजे माझं प्रेम आहे तुझ्यावर. म्हणून समाराला परत जातोय.”

पुढच्या आठवड्यात मीच त्याला एअरपोर्टवर सोडलं. रस्ताभर पाऊस.

“वाट बघू तुझी?” शेवटी मी विचारलं.

“नको,” तो म्हणाला... आणि मला घट्ट मिठीत धरून तसाच उभा राहिला, शेवटची घोषणा होईपर्यंत.