बाकावरचे काका

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण हे माझ्या सख्ख्या काकांच्या बाबतीत घडलंय, आणि काका आज माझ्याच घरी, मागच्या खोलीत राहतात.

काकांचं चष्म्याचं दुकान. सुट्टी म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी काकू हट्टालाच पेटल्या आणि दोघं एक दिवस बोटीनं जवळच्या बेटावर गेले. बेटावर डोंगर, डोंगरावर पॉइंट. तिथून म्हणे चहूबाजूंनी समुद्र दिसतो.

वाट सोपी होती. गार सावली, गर्दी नाही, गोंगाट नाही. पण अर्ध्यावर काकूंच्या गुडघ्यांनी संप पुकारला. त्या बाकावर टेकल्या, पुसायला म्हणून चष्मा काढला, तर काडीच हातात आली.

"आण इकडे. इथे झाडाखाली स्क्रू दिसायचा नाही. वर उजेडात बसवतो," म्हणत काकांनी चष्मा खिशात टाकला.

"लोकांना डोळे देता आणि बायकोचे घेऊन चाललात! लवकर या हं. मला आता माणूस आणि झाड सारखंच दिसतंय."

काका हसत निघाले. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

वर दुसरं कुणीच नव्हतं. काकांनी स्क्रू बसवला. मग कठड्यावरच्या दुर्बिणीला डोळा लावला.

तेवढ्यात वारा पडला.

पाखरं गप्प झाली.

मग समुद्राचाही आवाज येईना...

काकांनी दुर्बीण खाली वळवली. बाक दिसला. काकू दिसल्या.

शेजारी कुणीतरी बसलं होतं...

निळा चौकटीचा शर्ट. पांढरी टोपी.

काकांनी स्वतःच्या अंगाकडे पाहिलं. निळा चौकटीचा शर्ट. डोक्याला हात लावला. टोपी होती.

काकू त्या माणसाशी हसून बोलत होत्या. त्यानं हात पुढे केला, काकूंनी तो धरला, आणि दोघं धक्क्याच्या वाटेला लागले.

वळणावर तो थांबला. मान वर केली. थेट दुर्बिणीत पाहिलं...

काका जिवाच्या आकांतानं धावले. हाका मारत होते, पण स्वतःचा आवाज त्यांना स्वतःलाच ऐकू येत नव्हता. धक्क्यावर पोचले, तेव्हा शेवटची बोट लांब गेली होती.

तिकीटवाला त्यांच्याकडे पाहतच राहिला. "अहो, तुम्ही तर आत्ता बोटीत बसलात! काकूंना धरून नेलंत की!"

काकांचा फोन काकूंच्या पिशवीत होता. तिकीटवाल्याच्या फोनवरून त्यांनी रिंग दिली.

फोन उचलला गेला...

"आम्ही दोघं निघालोय. तुम्ही काळजी करू नका."

आवाज काकांचाच होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बोटीनं काका घरी आले. दार वाजवलं. बराच वेळ कुणी उघडेना. मग जरा फट झाली. फटीत काकू होत्या. एका रात्रीत पार म्हाताऱ्या झालेल्या.

"तुम्ही जा इथून," त्या कुजबुजल्या.

"अगं, मी आहे! मी!"

"माहितीये मला. बोटीतच कळलं. पण तो हात सोडत नाही हो..."

तेव्हा काकांचं लक्ष गेलं. काकूंनी दार डाव्या हातानं उघडलं होतं. उजवा हात मागे, आतल्या अंधारात ताणलेला होता.

त्या हाताला आतून हिसका बसला. दार लागलं.

आम्ही पोलीस नेले. दारात दोघं हसत उभे. पोलिसांनी उलट आमच्याच काकांची उलटतपासणी केली. पुन्हा गेलो, तर आम्हालाच दमात घेतलं.

परवा बाजारात ते दोघं दिसले. भाजीवाली मला कौतुकानं म्हणाली, "बघ की, या वयातही हातात हात!"

काकूंची बोटं काळीनिळी पडली होती. मी पुढे झालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. नको.

घरी काकांनी रोजच्यासारखं विचारलं, "ती दिसली का रे कुठे?"

मी नाही म्हणालो.