हुगळीचं उलटं पानी

गजेंद्र आपल्या डोनगावचाच. माह्या वावराच्या धुऱ्याले त्याच्या वावराचा धुरा लागून. त्यानं मले सांगितलं, तसंच सांगतो पोरंहो.

त्याचा धाकटा भाऊ राजकुमार कलकत्त्याले, हुगळी नदीत माल वाहनाऱ्या बार्जवर कामाले होता. भर शहरातून वायते ते नदी. समुद्राले भरती आली का तिचं पानी उलटं चालते. जुन्या जमान्यात शिडाचे जहाजं भरतीची वाट पाहत तिथंच नांगर टाकून राहत.

राजकुमार एका राती पान्यात पडला. धा दिवस झाले, सापडला नाही. गजेंद्र त्याची पेटी आनाले गेला.

ते रात कार्तिकी पुनवेची. दोन हजार चोवीस, नोव्हेंबरची पंधरा तारीख. पेटी सकाळी भेटनार होती, म्हनून तो भावाच्याच बार्जवर, भावाच्याच जागेवर लेटला. म्हातारा खलाशी म्हनला, "बारा बजे के बाद ज्वार आएगा, पानी उलटा चलेगा. कोई नाम लेके बुलाए, रिश्ता लगाके बुलाए... जवाब मत देना."

काय म्हनला ऋत्विक? भेव? मीबी हेच इचारलं त्याले. म्हने, "काका, भेव नाही, रडू नाही. आंग जसं दुसऱ्याचंच."

सव्वाबाराले पानी थांबलं. मंग उलटं चालाले लागलं. साखळ्या तानल्या. बार्ज हळूच फिरला.

"दादा..."

खालून. पान्याच्या आंगानं.

गजेंद्र उठला. काठाशी गेला. चांदनं लख्ख. पान्यावर काहीच नाही.

"दादा... घर कोनीकडं हाय?"

खलाश्यानं त्याचं मनगट धरलं. मान हलवली. नाही.

गजेंद्र काठावर वाकला.

"दादा..."

मंग त्यानं दुसरा हात उचलला. मावळतीकडं.

"इकडं, राजा. इकडं."

खलाश्यानं मनगट सोडलं. मांगं सरला.

तिसऱ्या दिवशी गजेंद्र पेटी घेऊन घरी आला. माय, तानुबाई, दारातच उभी. पेटीकडं तिनं पाह्यलंबी नाही.

"हिरीवर चाल," म्हने.

पंधरा तारखेच्या रातीपासून त्यायच्या हिरीचं पानी दिवसातून दोनदा तीन पायऱ्या चढते. दोनदा उतरते. त्याच्या वरच्या पायऱ्या कोरड्याच राह्यतात. मोटर बंद ठेवून पाह्यली. समुद्र कुठं, डोनगाव कुठं...

आज सांजीले मी त्या हिरीकूनच आलो.

सगळ्यात वरची पायरी वली होती.