डावीकडे तिरपे

"परत जाळीत केस! आणि या वेळी पांढरा!"

बाथरूमची भिंत इतकी पातळ होती की आतली कुरकुर धाकटीला पलंगावर बसल्या बसल्या शब्दन् शब्द ऐकू आली. कुरकुरत होती चष्मेवाली. तिसरी मैत्रीण, जिला दोघी डॉक्टरीणबाई म्हणत, कारण डॉक्टर व्हायच्या आधीच ती सगळ्यांना औषधं सांगायची, ती दारातूनच म्हणाली, "तुझाच पिकला असेल. अभ्यास कर अजून."

"माझे खांद्यापर्यंत आहेत गं. हा बघ, हातभर लांब. टोकाला लालसर. या घरात म्हातारं कोण आहे?"

धाकटीचा हात आपोआप मागे गेला. रात्री ती केस मोकळे सोडून झोपली होती. आता पाठीवर घट्ट वेणी होती, आणि टोकाला पांढरा शिवणाचा दोरा. त्याची गाठ अशी बारीक, पक्की, की दातानंच तोडावी लागावी.

तशी गाठ मारणारं माणूस जगात एकच होतं.

पिकल्या केसांना मेंदी लावणारी धाकटीची आई ब्लाउज शिवायची. होती डावखुरी, आणि कात्र्या सगळ्या उजव्या हातासाठी घडवलेल्या. कापडाला तिनं जिद्दीनं वठणीवर आणलं होतं, पण मुलींच्या केसांपुढे तिचं काही चालत नसे. डावी बाजू बोटभर खाली उतरायचीच. थोरली, म्हणजे ताई, आरशापुढे थयथयाट करायची. आई म्हणायची, "माना सरळ ठेवा, केस आपोआप सरळ दिसतील." धाकटी शिकायला परदेशी निघाली तेव्हा बॅगा भरता भरता आईनं तिला पाटावर बसवून टोकं कापली होती. "आता परत आलीस की मीच कापीन. तोवर कुणाला हात लावू द्यायचा नाही."

गेल्या वर्षी आई आजारी पडली. धाकटीचा पासपोर्ट तेव्हा मुदतवाढीसाठी कुठल्याशा कचेरीत अडकला होता. जाता आलं नाही. मग ताईचा फोन आला. "सगळं उरकलं," ताई म्हणाली, आणि ठेवला.

तेवढंच. त्यानंतर बाबा फोनवर टाकीच्या पाण्याबद्दल बोलत, शेजारच्यांच्या कुत्र्याबद्दल बोलत. धाकटी थंडीबद्दल बोले. तो एक शब्द कुणीच उच्चारला नाही, आणि वाळत घालायच्या राहिलेल्या ओल्या कपड्यासारखा तो तिघांच्या मध्ये तसाच पडून राहिला.

धाकटी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हे. ती पुलांचा अभ्यास करत होती; पूल का हलतात, कधी तुटतात, हा तिचा विषय. वेण्या सुरू झाल्या तेव्हा तिनं पहिला संशय स्वतःवर घेतला. झोपेत आपणच घालत असू. म्हणून ती लोकरीची टोपी घट्ट ओढून झोपली. सकाळी टोपी घडी करून उशाशी ठेवलेली होती. मग तिनं घरभर पांढरा दोरा शोधला. घरात साधी सुईसुद्धा नव्हती.

मैत्रिणींना तिनं काही सांगितलं नाही. खरं म्हणजे तिला ते आवडत होतं. सकाळी मानेशी कुणाच्या तरी बोटांची ऊब राहिलेली असायची; तेवढ्यावर दिवस निघायचा.

पण सकाळ रोज लांबायला लागली. जाग यायची तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसलेली असे, डोकं किंचित मागे ओढलेलं, आणि ऊन समोरच्या भिंतीवर पार वर चढलेलं. वेणी पुरी होईपर्यंत उठताच येत नसे. उठावंसंही वाटत नसे, हे जास्त वाईट. प्रबंधाच्या सादरीकरणाची तालीम तशीच बुडाली. गाईडबाईंनी स्पष्ट सांगितलं, "समितीपुढे आली नाहीस तर शिष्यवृत्ती बंद. मग सरळ घरी."

समिती आज दुपारी बसणार होती.

"घरी," धाकटी स्वतःशीच पुटपुटली.

वेणीला मागून हलकासा हिसका बसला. लाडानं बसावा तसा.

धाकटीनं कोट चढवला आणि ती निघाली.

कोपऱ्यावर केस कापायचं दुकान होतं. एवढे दिवस ती त्यावरून मान वळवून जात आली होती. आत एकच बाई होती, रुंद खांद्यांची, पांढऱ्या बुटांची, तोंडात च्युइंगगम.

"वेणी झकास आहे," बाई तिथल्या भाषेत म्हणाली. "घालतं कोण?"

"घरचं माणूस."

"आणि कापायचे किती?"

"मानेपर्यंत."

बाईनं भुवया उडवल्या, वेणी मुठीत धरली आणि कात्री चालवली. केस दबले, पण कापले गेले नाहीत. तिनं कात्री बदलली. दुसरीही तशीच घसरली. "केस आहेत का जहाजाचा दोरखंड?" ती हसली. तिसऱ्या कात्रीला ती हसली नाही. च्युइंगगम चघळणं थांबलं.

दुकानात शॅम्पूचा वास होता, तो कधी गेला ते कळलं नाही. आता तिथे मशीनच्या तेलाचा वास येत होता. आणि कोऱ्या कापडाचा, खळीचा.

डोकं हळूहळू मागे ओढलं जाऊ लागलं. खुर्चीच्या पाठीला मान टेकली. धाकटीला एकदम वाटलं, बसून राहावं. नाही गेलं समितीपुढे तर काय बिघडलं? घरी जाऊ. पाटावर बसू.

तिनं दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरल्या.

"आई," ती आपल्या भाषेत म्हणाली, "मला आज उभं राहायचंय. तूच काप. पण सोड मला."

कोपऱ्यातला हीटर घरघरत होता, तो बंद पडला.

मागे कुणीतरी जिभेनं 'च्यक्' केलं.

मग डोक्यावर फणीची टिचकी बसली.

"मान खाली."

शब्द मराठी होते.

धाकटीनं मान खाली घातली. तिला फक्त जमीन दिसत होती आणि पांढरे बूट. मग कात्रीचा आवाज आला, कापडाच्या ताग्यातून जावा तसा लांब, सलग. कर्रर्र.

वेणी जमिनीवर पडली.

तिनं वर पाहिलं. आरशात बाई उभी होती, घामाघूम. कात्री तिच्या डाव्या हातात होती, आणि बाई त्या हाताकडे तो उसना आणल्यासारखं पाहत होती.

"मी उजव्या हातानं कापते," ती हळूच म्हणाली. मग घसा साफ करून म्हणाली, "डावी बाजू बोटभर खाली आलीय. सरळ करून देते."

"नको," धाकटी म्हणाली. "आमच्याकडे असेच असतात."

बाहेर मानेला वारा लागला आणि ती चक्क हसली. विद्यापीठाच्या जिन्याच्या पायऱ्या तिनं एक सोडून एक घेतल्या. समितीपुढे ती अशी बोलली की गाईडबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी खवचटपणे विचारलं, एवढा भक्कम पूल आणि सांध्यात मुद्दाम फट कशासाठी? "नाही ठेवली तर ऊन चढताच पूल स्वतःलाच फोडतो, सर. धरून ठेवायचं असेल तर थोडं सोडावं लागतं." म्हातारबुवा उठून उभे राहिले आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला. बाकीचेही उठले. घरी डॉक्टरीणबाईनं तिला उचलून गरगर फिरवलं आणि चष्मेवाली ओरडली, "जाळी आता स्वच्छ राहणार!"

मग धाकटीनं ताई-बाबांना व्हिडिओ कॉल लावला; तिकडे सकाळ झाली होती.

"पास!" ती ओरडली. तिकडे ताईनं बाबांच्या पाठीत धपाटा घातला. बाबा डोळे पुसत हसले. मग ताई पडद्याच्या अगदी जवळ आली.

"अगं, केस! कुणी कापले?"

धाकटीनं मानेवरून हात फिरवला. "आईनं."

ताईनं बाबांकडे पाहिलं.

बाबा उठून गेले. शिवणाच्या मशीनचा खण सरकल्याचा आवाज धाकटीनं ओळखला; वर्षभर त्या खणाला कुणी हात लावला नव्हता. बाबा आईची कात्री घेऊन आले.

"आज उठलो तर खण उघडा होता," ते म्हणाले.

पात्यांच्या सांध्यात काळ्या केसांचा झुबका अडकला होता.

बाबांनी तो काढला नाही. सदऱ्याच्या टोकानं कात्रीची पाती तेवढी पुसली, आधी एक, मग दुसरं, आई पुसायची तशी. कात्री आत ठेवली. खण पार आतपर्यंत लोटला. मग समोर येऊन बसले आणि वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी धाकटीच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

"धाकटे," ते म्हणाले, "तुझी आई वारली."